शेड उजेडात बघायची

पायमॉल या रेणूंची चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये एखादा छोटा रेणू उघडला की त्यातले कार्बन हिरवे दिसतात. काळ्या पार्श्वभूमीवर पोपटी काड्यांचा सांगाडा, मधेच कुठे लाल ऑक्सिजन, कुठे निळा नायट्रोजन. हा हिरवा आपण मागितलेला नसतो, तो आधीच ठरलेला असतो. मी सहा-सात वर्षं तो तसाच चालवला. वर्गात, प्रबंधात, पोस्टरवर, सगळीकडे हिरवा कार्बन. रंग बदलता येतो हे माहीत होतं; बदलायची गरज आहे असं मनातच आलं नाही. डाईंग मास्तरच्या मुलीच्या हातून हे झालं, याचं मला अजून वाईट वाटतं.

नान्ना, म्हणजे माझे वडील, सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका डाय हाऊसला, सूत रंगवायच्या कारखान्यात, होते. आम्ही पूर्व भागातले. घरात तेलुगू, शाळेत मराठी. शनिवारची सकाळची शाळा सुटली की मी त्यांचा डबा घेऊन जायचे. आत शिरलं की कॉस्टिकच्या वाफेनं डोळे चुरचुरायचे, पायाखाली कायम ओलं, आणि बांबूंवर ओळीनं लच्छ्या टांगलेल्या. मला रंगांपेक्षा नान्नांच्या एका सवयीचं नवल वाटायचं. हौदातून काढलेल्या लच्छीतलं चिमूटभर सूत ते तोडायचे, पिळायचे आणि गरम पाइपवर दाबून वाळवायचे, कारण ओलं सूत नेहमी गडद दिसतं. मग ते सूत आणि पार्टीनं दिलेला नमुना असं दोन्ही घेऊन उत्तरेकडच्या दारात जाऊन उभे राहायचे. अंगावर ऊन न घेता, पण आभाळाच्या उजेडात. दोन्ही सुतं एकमेकांना लावून धरायचे, डोळे बारीक करायचे, मान जराशी कलती. कधी "चालेल" म्हणायचे, कधी काही न बोलता आत जाऊन हौदात आणखी काहीतरी टाकायचे. आत ट्यूब होत्या, पण त्यांच्याखाली त्यांनी एकही शेड पास केली नाही. "ट्यूबखाली जुळलेलं सूत दुकानाच्या पायरीवर जुळत नाही," म्हणायचे. याला मेटामेरिझम म्हणतात हे मला एमएस्सीला कळलं. वेगवेगळ्या रंगद्रव्यांत बुडवलेली दोन सुतं एका दिव्याखाली तंतोतंत सारखी दिसू शकतात आणि दुसऱ्या उजेडात फटकून वागतात.

शेजारी एक डिझाइन मास्तर राहायचे. ते चादरीचे ग्राफ काढायचे. ग्राफच्या कागदावरची प्रत्येक चौकट म्हणजे एक ताण्याचा म्हणजे उभा आणि एक बाण्याचा म्हणजे आडवा धागा जिथं एकमेकांना ओलांडतात ती जागा. लाल पेन्सिलीनं ते एकेक चौकट भरत जायचे आणि दुपार उतरेपर्यंत मोराचा पिसारा दिसायला लागायचा. मी एकदा विचारलं, मोर लाल का केला? ते म्हणाले, "हा लाल म्हणजे लाल नव्हे गं. लाल म्हणजे इथं ताणा वर. मागाचं कार्ड पंच करणाऱ्याला कळायला पाहिजे ना." ती चादर मागावरून उतरली तेव्हा मोर हिरवा होता आणि जमीन क्रीम. उलटी केली तर क्रीम मोर, हिरवी जमीन. लाल कुठेच नव्हता.

पुढे रेणूंची चित्रं काढायला लागले तेव्हा ही दोन्ही माणसं माझ्या पाठीशी होती, पण मी त्यांना हाक मारली नाही. अणूच्या चेंडूला आपण जो रंग फासतो तो डिझाइन मास्तरांच्या लाल पेन्सिलीसारखा असतो. दोन कार्बन अणूंमधलं अंतर साधारण ०.१५ नॅनोमीटर, डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर. त्या प्रकाशात एकट्या अणूचा आकारच उमटत नाही, मग त्याचा चेंडू लाल की निळा हे विचारायलाही जागा उरत नाही. तरी जगभरच्या पुस्तकांत ऑक्सिजन लालच असतो. ही रीत बरीच जुनी आहे. ७ एप्रिल १८६५ ला लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं व्याख्यान दिलं आणि रेणू दाखवायला क्रोके खेळायचे लाकडी चेंडू वापरले. कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, नायट्रोजन निळा, ऑक्सिजन लाल, क्लोरीन हिरवा. १९५३ मध्ये कोरी आणि पॉलिंग यांनी आणि १९६५ मध्ये कोल्टुननं मोजमापात बसणारी भरीव मॉडेलं केली. तिघांच्या आद्याक्षरांवरून या रंगांना आज सीपीके म्हणतात. पण लाल ऑक्सिजन आणि निळा नायट्रोजन हे हॉफमनच्या टेबलावरून आलेत.

आणि हॉफमन हा मूळचा रंगांचा माणूस. अनिलीन या कृत्रिम रंगांच्या कच्च्या मालावर त्यानं आयुष्य घालवलं. १८५६ मध्ये ज्या अठरा वर्षांच्या पोरानं मोव्ह हा जांभळा कृत्रिम रंग शोधला, तो विल्यम पर्किन हॉफमनचाच विद्यार्थी. कृत्रिम रंगांचा सगळा धंदा तिथून सुरू झाला. मी हे नान्नांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "म्हणजे आपल्यातलाच निघाला की."

पायमॉलचा हिरवा कार्बनही बिनबुडाचा नाही, हे इथं सांगायला हवं. वॉरेन डिलानो यानं २००० साली हे सॉफ्टवेअर बाहेर काढलं, आणि २००९ मध्ये तो अगदी तरुणपणी गेला. त्याच्या रचनेत पहिल्या रेणूचे कार्बन हिरवे, दुसरा उघडला की त्याचे आकाशी, तिसऱ्याचे गुलाबीसर जांभळे. बाकीचे अणू सीपीकेच्या रीतीनं, आणि कार्बनचा रंग मात्र कोणता रेणू कुणाचा हे सांगायला मोकळा सोडलेला. हायड्रोजन सोडले तर कार्बन सगळ्यात जास्त असतात, त्यामुळे ओळख त्यांच्यावरच टाकायची. विचार चांगला आहे. चूक माझी अशी की पडद्यावर एकच रेणू असतानाही मी तो हिरवा तसाच ठेवला. हिरवा काही सांगत नव्हता, आणि बघणाऱ्याला वाटत होतं की सांगतोय.

जाग यायला दोन प्रसंग घडावे लागले.

पहिला पोस्टरचा. पुण्याला एका परिषदेत हिमोग्लोबिनवर पोस्टर लावायचं होतं. हिमोग्लोबिनमध्ये चार साखळ्या: १४१ अमिनो आम्लांच्या दोन अल्फा, १४६ च्या दोन बीटा, आणि प्रत्येकीच्या कुशीत लोह धरून बसलेला एक हीम. मी अल्फा साखळ्या शुद्ध निळ्या केल्या. पडद्याच्या तीन रंगांच्या मापात लाल शून्य, हिरवा शून्य, निळा २५५. काळ्या पार्श्वभूमीवर तो निळा असा पेटायचा की मी रात्री लॅपटॉप बंद करण्याआधी एकदा नुसतीच बघत बसायचे. पेनड्राइव्हवर घालून जवळच्या प्रिंटिंगवाल्याकडे दिलं. हातात आलं ते जांभळं. निळा कुठे गेला? आणि काळी पार्श्वभूमी शाई पिऊन ओली-मळकट झालेली. मी त्या माणसाला नको तेवढं बोलले. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, माझ्याकडं चार शाया हायत. तुमच्या पडद्यावरचा निळा या चारांत बसत न्हाई." त्याचं शंभर टक्के बरोबर होतं. पडदा प्रकाश मिसळतो, छपाई शाई मिसळते. पडद्यावरचे काही रंग शाईला कधीच गाठता येत नाहीत, आणि शुद्ध निळा त्यांतला पहिला. पायमॉलमध्ये स्पेस नावाची कमांड आहे, तिच्यापुढे सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांचं लघुरूप, लिहिलं की पडद्यावरचे रंग छपाईत जमतील एवढ्याच हद्दीत येतात. निळा लगेच विझल्यासारखा दिसतो, जीव थोडा खट्टू होतो. पण जे दिसतं ते छापून येतं. घरी नान्नांनी पोस्टर उलगडून बघितलं आणि विचारलं, "नमुना कशावर पास केलास?" मी म्हटलं, स्क्रीनवर. त्यांनी मान हलवली, पुढे काही बोलले नाहीत.

त्या दिवसापासून पार्श्वभूमी पांढरी. काळ्यावर चमकणारं चित्र अंधाऱ्या हॉलमध्ये ठीक. कागदावर पांढरंच बरं. मुलांना सांगताना मी गड्ड्याची, आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेची, आठवण काढते. संक्रांतीला नंदीध्वज निघतात तेव्हा हजारो माणसं पांढऱ्या बाराबंदीत असतात, आणि त्या पांढऱ्या समुद्रात काठीचं बाशिंग लांबच्या गच्चीवरूनही उठून दिसतं. सोलापूरच्या मुलांना याहून जास्त समजावावं लागत नाही.

चित्राच्या मापाचंही तसंच. मासिकाच्या एका रकान्याची रुंदी साधारण साडेआठ सेंटिमीटर, म्हणजे ३.३५ इंच, इंचाला ३०० ठिपके हवेत तर चित्र हजारभर ठिपके रुंद लागतं. हे आधी मोजायचं, मग पायमॉलला रे कमांड द्यायची. रे म्हणजे प्रत्येक ठिपक्यातून एक किरण सोडून तो कुठे आदळतो, तिथं सावली आहे का, चकाकी किती, हे संगणक हिशेबानं काढतो. माझ्या जुन्या लॅपटॉपचा पंखा मे महिन्यात तेव्हा असा घरघरायचा की शेजारच्या मागाशी स्पर्धा. नुसता स्क्रीनशॉट ताणून मोठा केला तर कडा दातेरी होतात. चादरीचा ग्राफ टॉवेलला लावला तर मोर कसा दिसेल, तसं.

दुसरा प्रसंग वर्गातला, आणि तो माझ्या जास्त जिव्हारी लागला.

प्रॅक्टिकल होतं. प्रोटीन डेटा बँक या प्रथिनांच्या रचनांच्या साठ्यातली ४एचएचबी ही हिमोग्लोबिनची रचना सगळ्यांच्या पडद्यावर. मी फाइल आधीच रंगवून दिली होती: साखळ्या हिरव्या, हीम लाल. रक्त लाल असतं ते हीममुळेच, तेव्हा हीमला लाल रंग देण्याइतकं बरोबर दुसरं काही नाही, अशी माझी समजूत. काम सोपं होतं. चार हीम शोधायचे, त्यांतल्या एकाजवळचं हिस्टिडीन हे अमिनो आम्ल शोधायचं आणि लोहापासून त्याचं अंतर मोजायचं. वीस मिनिटांत वर्ग पुढे गेला. मागच्या बाकावरचा एक मुलगा रेणू गोल गोल फिरवत होता. हुशार मुलगा, वहीत सुंदर आकृत्या काढणारा. मी जवळ जाऊन विचारलं, काय अडलं? तो म्हणाला, "सापडत नाहीये मॅडम." मी पडद्यावर बोट ठेवून म्हटलं, अरे हा काय, लाल. त्यानं त्या जागेकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाला, "मला दोन्ही एकच दिसतंय."

तास संपल्यावर तो थांबला. घरी दोन माग. लहानपणी आईला सुताच्या कांड्या आणून द्यायचं काम त्याच्याकडे होतं, आणि तो लाल मागितलं की हिरव्या कांड्या आणायचा. आधी मार खाल्ला. मग आईच्याच लक्षात आलं. तिनं कांड्यांच्या डब्यांच्या कड्यांना सुतळी बांधली: एक गाठ म्हणजे लाल, दोन गाठी म्हणजे हिरवा, तीन म्हणजे चॉकलेटी. त्यानंतर त्याची कधी चूक झाली नाही. हे सांगताना तो हवेत बोटानं गाठी चाचपून दाखवत होता.

लाल आणि हिरवा ओळखणाऱ्या रंगद्रव्यांची जनुकं एक्स गुणसूत्रावर शेजारीशेजारी असतात, मुलग्यांना एकच एक्स मिळतो, त्यामुळे रंगांधळेपणाचा हा दोष मुलग्यांमध्ये जास्त. हे मी दरवर्षी शिकवते. फळ्यावर वंशावळ काढते, चौकोन-वर्तुळं भरते. आणि त्याच वर्गात मी चार साखळ्या हिरव्या आणि हीम लाल करून ठेवले होते. शाळा न शिकलेल्या एका बाईनं गाठी बांधून जे केलं ते मला सुचलं नव्हतं.

मग मात्र मी बसले आणि सगळं पहिल्यापासून लावलं. ओकाबे आणि इतो या जपानी शास्त्रज्ञांनी सुचवलेली आठ रंगांची एक पट्टी आहे. रंगांधळ्या डोळ्यांनाही ते आठ रंग वेगळे ओळखू यावेत अशी ती निवडलेली. त्यातला निळा म्हणजे ०, ११४, १७८. नारिंगी २३०, १५९, ०. पायमॉलमध्ये सेट-कलर कमांडनं आपल्या रंगाला आपण नाव देऊ शकतो, आणि ते नाव पुढे कुठेही वापरता येतं. अक्षरं रोमन टाइप करावी लागतात, पण नावं माझी आहेत: अबोली, आमसुली, पारवा, मोरपंखी, विटकरी, गव्हाळ. आता माझी एक फाइल आहे, प्रत्येक कामाच्या सुरुवातीला ती चालवते. विद्यार्थी 'कलर पारवा, चेन ए' असं टाइप करतात तेव्हा मला बरं वाटतं. 'ग्रे ७०' पेक्षा पारवा कळायला सोपा आहे, निदान ज्यांच्या गॅलरीत पारवे घुमतात त्यांना.

पण नुसता रंग बदलून भागत नाही, हे त्या गाठींनी शिकवलं. जे महत्त्वाचं ते आकारानंही वेगळं असलं पाहिजे. साखळ्या फितीसारख्या, हीम जाड काड्यांचं, लोह एक भरीव गोळा. शिवाय एक रंग फिका, एक गडद. चित्र तयार झालं की मी त्याची एक प्रत करडी करून बघते. करड्यातही हीम सापडला तर चित्र पास. तो मुलगा आता दुसऱ्या शहरात पीएचडी करतोय. मध्यंतरी मी त्याला एक चित्र पाठवलं, उत्तर आलं, "दिसलं."

रंगाइतकाच, कदाचित जास्तच, धोका चकाकीचा असतो. यावर मला थोडं सविस्तर बोलायचंय, कारण ही चूक डोळस माणसांचीही होते. प्रथिनाचा प्रत्येक भाग सारखाच पक्का माहीत नसतो. काही वळणं इतकी हलती असतात की क्ष-किरणांच्या नकाशात ती धुरकट येतात किंवा येतच नाहीत. रचनेच्या फाइलमध्ये प्रत्येक अणूपुढे बी-फॅक्टर नावाचा आकडा असतो, तो हेच सांगतो: हा अणू इथं किती घट्ट बसलाय. अल्फाफोल्ड हे सॉफ्टवेअर जेव्हा प्रथिनाच्या रचनेचा अंदाज करतं तेव्हा तेही प्रत्येक जागेला शंभरपैकी गुण देतं आणि त्याप्रमाणे रंगवतं: नव्वदच्या वर गडद निळा, सत्तर ते नव्वद फिका निळा, पन्नास ते सत्तर पिवळा, पन्नासच्या खाली नारिंगी. नारिंगी म्हणजे इथं विश्वास ठेवू नका.

आता मी काय केलं होतं? असाच एक अंदाज घेतला, त्याचे चार रंग मला चित्रात विसंगत वाटले, म्हणून सगळी फीत एकच मोरपंखी केली. मऊ सावल्या, कडेला बारीक काळी रेघ, गुळगुळीत पृष्ठभाग. दिसायला फार सुंदर. एका सहकाऱ्यानं ते चित्र बघून शेपटाकडच्या वळणावर अख्खा तर्क बांधला. ते वळण मूळ चित्रात भडक नारिंगी होतं. त्याचा दोन आठवड्यांचा वेळ गेला. मी खोटं काहीच लिहिलं नव्हतं, फक्त एक रंग काढून दुसरा दिला होता. त्या रंगानं 'माहीत नाही' चं 'माहीत आहे' केलं. नान्ना सुताबद्दल म्हणायचे की चकाकी बघून माल घेऊ नये, आधी चुरगळून बघावा. मी आता मुलांना कोणतंही देखणं चित्र मिळालं की पहिली गोष्ट करायला लावते: बी-फॅक्टरप्रमाणे रंगवा. फीत चुरगळून बघा.

सावलीचंही असंच. रे करताना सावल्या चालू असल्या की प्रथिनाची खोबण खोल आणि गूढ वाटते, आणि त्या अंधारात एखादं अमिनो आम्ल बेमालूम गडप होतं. ज्या चित्रात खोबणीतला प्रत्येक अणू मोजायचा असतो तिथं मी सावल्या बंद करते. चित्र सपाट होतं, पण काही लपत नाही. सपाट म्हणजे वाईट असंही नाही. डेव्हिड गुडसेल यांनी २००० सालापासून पुढे बरीच वर्षं प्रोटीन डेटा बँकेसाठी दर महिन्याला एका रेणूची ओळख करून दिली. त्यांची चित्रं सपाट रंगांची, काळ्या बाह्यरेषेची, चकाकी शून्य. तरी आकार हातात आल्यासारखा वाटतो. आणि १९८१ मध्ये जेन रिचर्डसननं प्रथिनांच्या फितींची जी चित्रं प्रसिद्ध केली ती तर तिनं हातानं काढलेली. आज सॉफ्टवेअर एका क्लिकवर जी फीत काढतं ती त्या हाताची आहे.

गेल्या वर्षी नान्नांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर दुसऱ्या दिवशी ते अंगणात उभे राहून वाळत घातलेल्या माझ्या निळ्या ओढणीकडे बघत होते. मग आत गेले, कपाटातून जुनं शेड कार्ड काढलं, चिकटवलेल्या सुतांच्या ओळींवरून बोट फिरवत बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "निळे एवढे उजळ होते?" वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा प्रकाश अडवतं, ते काढून नवं बसवलं की निळा परत येतो. मी हे समजावलं. त्यांना वेगळंच लागलं होतं. शेवटच्या वर्षांत पास केलेल्या निळ्या शेड त्यांनी खऱ्या बघितल्याच नव्हत्या, असं त्यांना वाटत होतं. मी म्हटलं, नान्ना, नमुनाही त्याच डोळ्यानं बघितला होतात ना? दोन्ही सारखेच पिवळे दिसले असतील, जुळणी बरोबरच झाली असणार. त्यांनी थोडा विचार केला. "बहुतेक," म्हणाले.

त्या संध्याकाळी मी त्यांना इंडिगो दाखवायला घेतला. पहिल्या नोकरीत त्यांनी नीळ केली होती, पुढे व्हॅटचे, म्हणजे निळीसारखेच आधी विरघळवून मग धाग्यात बसवायचे, दुसरे निळे आले. रेणू साधा आहे: १६ कार्बन, १० हायड्रोजन, २ नायट्रोजन, २ ऑक्सिजन. तीस अणूंची एक चपटी पट्टी. मी कार्बन पारवा केले, बाकी सीपीकेप्रमाणे. नान्ना खुर्ची पुढे ओढून बसले आणि बराच वेळ बघत राहिले.

"इंदुलो नीलं एक्कड?" यात निळा कुठाय?

मी नायट्रोजनच्या दोन निळ्या गोळ्यांकडे बोट नेलं आणि थांबले. ते उत्तर चुकीचं होतं. तो निळा पेन्सिलीचा निळा, हौदातला नव्हे. निळीचा निळा एका गोळ्यात नसतोच. या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेले इलेक्ट्रॉन नारिंगीकडचा प्रकाश गिळतात आणि उरलेला आपल्याला निळा दिसतो. तो अख्ख्या पट्टीचा आहे. मी तसं सांगितलं. त्यांनी ऐकलं, पण त्यांचं बोट लाल गोळ्यांवर होतं. "हे काय?" ऑक्सिजन. "हायड्रोस इथं लागतं का?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. व्हॅटच्या हौदात हायड्रोस (सोडियम हायड्रोसल्फाइट) आणि कॉस्टिक टाकलं की नीळ विरघळते आणि पाणी पिवळट हिरवं होतं, कारण हायड्रोस इलेक्ट्रॉन देतं आणि ते झेलतात हेच दोन ऑक्सिजन. सूत बाहेर काढलं की हवेनं ते परत जातात, रंग डोळ्यांदेखत निळा होतो आणि आता विरघळत नाही म्हणून धाग्यात अडकून बसतो. मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? म्हणाले, "दोनच आहेत आणि बाहेर तोंड करून बसलेत. काहीतरी धरायला बसल्यासारखे." हॉफमनच्या चेंडूचा तो खोटा लाल नसता, तर त्यांचं बोट तिथं गेलं नसतं.

तरी त्यांचा प्रश्न उरलाच होता. कार्बन निळे केले असते तर नायट्रोजन त्यांत बुडाले असते. मग मी रेणूभोवती पृष्ठभाग काढला, अर्धा पारदर्शक. आत पारवा, लाल, निळे, पांढरे अणू जसेच्या तसे, वरून एक पातळ साल. "ह्या सालीला निळीचा रंग देऊ. तुम्ही सांगा."

तीन आकडे, प्रत्येक ० ते २५५, असं सांगितल्यावर त्यांना ते तीन हौदांसारखं वाटलं. टक्क्यांत विचार करणारा माणूस. शंभर किलो सुताला दोन किलो रंग म्हणजे दोन टक्के शेड. पण इथं उलटं होतं. त्यांनी लाल वाढवायला सांगितला, शेड गडद होईल म्हणून. पडद्यावर ती उजळली. हौदात रंग टाकत गेलं की अंधार वाढतो, पडद्यावर टाकत गेलं की उजेड. हे त्यांना दोनदा करून दाखवावं लागलं. तिसऱ्यांदा ते स्वतःच आकडे सांगायला लागले. चाळीस, साठ, एकशे वीस. नको, थोडी लालसर छटा हवी, नव्या निळीला असते. बावन्न, अठ्ठावन्न, एकशे अठरा. बाहेर अंधार पडला, मी ट्यूब लावली.

नान्नांनी ट्यूबकडे बघितलं आणि लॅपटॉपचं झाकण हातानं अर्धं खाली केलं. "आता बास. शेड सकाळी बघू."

पडदा स्वतःच्याच उजेडानं दिसतो, हे मी सांगू शकले असते. पण खोलीतला उजेड बदलला की पडद्यावरचा रंग डोळ्याला वेगळा वाटतोच, त्यांचं अगदीच चूक नव्हतं. सकाळी चहाच्या आधी ते लॅपटॉप घेऊन उत्तरेकडच्या खिडकीशी बसलेले दिसले. मांडीवर शेड कार्ड, त्यातली निळीची एक लच्छी पडद्याच्या कडेला लावून धरलेली. मान कलती.

"लाल जास्त झालाय."

मी बावन्नचे चव्वेचाळीस केले.

"अजून दोन."